यकृताला कळतं कसं? वाढघटकांच्या शोधाची गोष्ट, उंदरापासून झेब्राफिशपर्यंत

गेल्या सुट्टीत मिरजोळ्याला घरी होते तेव्हा वाडीतली एक मुलगी वही घेऊन आली. एमएस्सी झाली आहे, पीएचडीच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. "ताई, एवढं टायटल बघशील?" वहीत लिहिलं होतं: ‘माशांच्या यकृताच्या पुनर्जननात वाढघटकांची भूमिका’.

मी विचारलं, "यातली ‘भूमिका’ म्हणजे काय गो?"

"म्हणजे... ते लागतात ना, यकृत परत वाढायला."

"लागतात हे कोणी ठरवलं? आणि कसं?"

ती गप्प झाली. मी विचारलं खरं, पण माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये हाच शब्द तीन वेळा होता, मुलाखतीत मलाही हाच प्रश्न आला होता आणि मीही अशीच गप्प झाले होते. त्या दिवशी तिला जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडते. ‘भूमिका’ या एका शब्दाच्या मागे किती वर्षांचे प्रयोग उभे आहेत हे कळलं, तर प्रपोजल लिहिताना हात आपोआप जपून चालतो.

आधी काळजाबद्दल

आम्ही बोलत होतो तेव्हा आई बांगडे साफ करत होती. गाबोळी वाटीत, बाकी पोटातलं सगळं मांजराला. त्या ‘बाकी’मध्ये यकृतही असतं. कोकणात माशाच्या यकृताकडे लक्ष जातं ते मुशीच्या वेळी. मुशीला हवेची पिशवी नसते, म्हणून पाण्यात तरंगायला तिला तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत लागतं. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची आयात अडली, तेव्हा मुंबई, मद्रास आणि त्रावणकोरमध्ये मुशीच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. गरज अ जीवनसत्त्वाची होती.

मराठीत आपण ‘काळीज’ म्हणून हृदयाकडे बोट दाखवतो, पण काळीज म्हणजे मुळात यकृतच. खाटकाकडे मिळणारी कलेजी तीच. ग्रीक कथेत प्रॉमिथिअसचं यकृत गरुड रोज खातो आणि ते परत वाढतं. ग्रीकांना पुनर्जनन माहीत होतं असं यावरून म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही, गोष्ट ती गोष्टच. पण नाव लक्षात ठेवा, पुढे ते एका माशाला चिकटणार आहे.

१९३१: एक मोजता येईल असा प्रयोग

आधुनिक इतिहास सुरू होतो १९३१ मध्ये. अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी पांढऱ्या उंदराच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कापून काढण्याची एक सुटसुटीत शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. उंदराच्या यकृताचे खंड वेगवेगळे सुटे असतात. त्यामुळे देठाला दोरा बांधून आख्खे खंड काढता येतात, रक्तस्राव फारसा होत नाही, आणि दर वेळी जवळजवळ तेवढाच भाग जातो. सात ते दहा दिवसांत उरलेलं यकृत मूळ वजनाच्या आसपास येतं.

कापलेले खंड मात्र परत उगवत नाहीत. पालीचं शेपूट उगवतं तसं इथे होत नाही. जे खंड उरले तेच मोठे होतात, आणि पुरेसं वजन झालं की थांबतात. म्हणून काटेकोर बोलायचं तर ही ‘भरपाईची वाढ’ आहे. पुनर्जनन हा शब्द रूढ झाला म्हणून आपण वापरतो.

या प्रयोगाचं मोल समजून घ्या. यकृत वाढतं हे आधीही माहीत होतं. हिगिन्स-अँडरसन यांनी दिलं ते एक मोजमाप: किती काढलं, किती दिवसांत किती भरलं. त्यानंतरच नीट प्रश्न विचारता आला. उरलेल्या यकृताला कळतं कसं, की आपल्यातलं काहीतरी गेलं आहे? आणि थांबायचं कधी, हे कोण सांगतं?

रक्तात काहीतरी आहे

१९५१ मध्ये नॅन्सी बुचर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या, म्हणजे थोडंफार रक्त इकडून तिकडे जाईल. एकाच्या यकृताचा मोठा भाग काढला, दुसऱ्याला हात लावला नाही. तर या धडधाकट उंदराच्या यकृतातही पेशींचं विभाजन वाढलेलं दिसलं. १९६७ मध्ये मूल्टेन आणि बुचर यांनी नळ्यांनी थेट रक्ताची देवाणघेवाण करून हेच पुन्हा दाखवलं. याचा अर्थ, संदेश रक्तातून जातो.

इथे मी त्या मुलीला थांबवून विचारलं, "मग सिद्ध काय झालं?" ती लगेच म्हणाली, "रक्तात वाढवणारा घटक आहे." बहुतेक जण हेच म्हणतात. पण नीट बघा. यकृत कापल्यावर रक्तात वाढ घडवणारं काही नव्याने येत असेल, हे झालं एक स्पष्टीकरण. दुसरं असं, की यकृत एरवी वाढ रोखणारं काही रक्तात सोडत असेल आणि यकृत कमी झाल्यावर ते कमी पडत असेल. दोन्हींत शेजारच्या उंदराचं यकृत वाढलेलंच दिसणार. हा प्रयोग या दोघांत निवाडा करू शकत नाही. त्या काळात दोन्ही बाजूंचे लोक होते आणि दोघांकडे हाच पुरावा होता.

निवाडा करायचा तर रक्तातला पदार्थ वेगळा काढून, शरीराबाहेरच्या यकृतपेशींवर घालून बघायला हवा. त्यासाठी आधी यकृतपेशी जिवंत सुट्या करता यायला हव्यात. १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी कोलॅजिनेज हे विकर यकृतातून खेळवून पेशी सुट्या करण्याची पद्धत दिली. पुढच्या पंधरा वर्षांचं सगळं काम या एका तंत्रावर उभं आहे, पण सेमिनारमध्ये बेरी-फ्रेंडचं नाव क्वचितच ऐकू येतं.

१९८४ आणि एका रेणूची तीन नावं

दरम्यान ‘वाढघटक’ ही कल्पना दुसरीकडे रुजली होती. रीटा लेव्ही-मॉन्तालचिनी यांनी चेतापेशी वाढवणारा घटक शोधला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांच्या लक्षात आलं, की उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क पिल्लांना टोचला की त्यांचे डोळे वेळेआधी उघडतात. १९६२ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा केला; तोच ईजीएफ. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. ईजीएफ यकृतपेशींनाही विभागायला लावतो हे पुढे कळलं. पण यकृताचा खास असा घटक कुठला?

१९८४ मध्ये जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यांच्या गटाने, यकृत कापलेल्या उंदरांच्या रक्तद्रवातून असा घटक मिळवल्याचं मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज मिखालोपूलस यांचा गट स्वतंत्रपणे तिथेच पोचला, आणि त्यांनी त्याला ‘हिपॅटोपोएटिन’ म्हटलं. १९८९ मध्ये जनुक हाती आलं आणि एचजीएफ हे नाव पक्कं झालं. तिसरीकडे, पेशींच्या घट्ट चकत्या विस्कटून टाकणारा एक ‘स्कॅटर फॅक्टर’ काही लोक अभ्यासत होते. १९९१ मध्ये कळलं की तो हाच रेणू. त्याच वर्षी त्याचा रिसेप्टरही ओळखला गेला, आणि तो निघाला मेट. हे जनुक १९८४ मध्येच कर्करोग घडवणारं जनुक म्हणून सापडलेलं होतं.

यकृत भरून आणणारा घटक, पेशी विस्कटणारा घटक आणि कर्करोगातलं जनुक अशा तीन वाटांनी चाललेले लोक एकाच चौकात भेटले. एचजीएफ सरळ औषध म्हणून का देत नाहीत, याचं अर्धं उत्तर या चौकात आहे.

१९८८ चा आणखी एक शोध सांगते. यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातून गोहदा आणि सहकाऱ्यांनी हा घटक शुद्ध केला. म्हणजे घटक रक्तात भरपूर, आणि यकृत तर वाढत नाही! ‘घटकाची पातळी वाढली, म्हणून वाढीत त्याची भूमिका आहे’ असं वाक्य लिहिताना हे रुग्ण आठवावेत. पातळी वाढणं हा काही वेळा नुसता हाकारा असतो. ऐकणारं कोणी उरलेलं नसतं.

काढून बघणं, आणि त्यातली अडचण

एखादा घटक ‘लागतो’ हे दाखवायचा सरळ मार्ग म्हणजे तो काढून टाकणं. १९९५ मध्ये एचजीएफ नसलेले उंदीर तयार केले, तर ते गर्भातच मेले. यकृत नीट वाढलंच नव्हतं. भ्रूणात एचजीएफ लागतो हे कळलं, पण प्रौढ यकृताचा प्रश्न तसाच राहिला, कारण प्रौढ उंदीरच हाती नाही. २००४ मध्ये प्रौढ उंदराच्या यकृतापुरतं मेट जनुक बंद करण्यात यश आलं, आणि पुनर्जनन बिघडलेलं दिसलं. २००७ मध्ये ईजीएफच्या रिसेप्टरबाबतही तसंच दिसलं. पण दोन्हींत यकृत अडखळत का होईना, वाढत होतं. २०१६ मध्ये मिखालोपूलस यांच्या गटाने दोन्ही मार्ग एकदम बंद केले, तेव्हा यकृताची वाढ खुंटलीच.

म्हणजे एकाची जागा दुसरा काही प्रमाणात भरून काढत होता. अमुक घटक काढला आणि फार काही झालं नाही, तर ‘भूमिका नाही’ असं म्हणता येत नाही. थांबवणारे घटकही असतातच. टीजीएफ-बीटा यकृतपेशींचं विभाजन रोखतो हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. वाढ रोखणाऱ्या घटकाची बाजू घेणारे लोक अगदी चुकीचे नव्हते.

मग मासा कशाला?

झेब्राफिश आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याची नोंद केली, कोसी नदीतला मासा म्हणून. तीन-चार सेंटिमीटरचा, निळ्या पट्ट्यांचा. शोभेचा मासा म्हणून तो जगभर गेला. अमेरिकेत ऑरेगनला जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर आनुवंशिकीचं काम सुरू केलं, आणि १९८१ मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी ‘एबी’ ही जात मुळात पेट शॉपमधल्या माशांपासून आली. १९९६ मध्ये ट्यूबिंगन आणि बोस्टनच्या गटांनी हजारो म्यूटंट छाननी करून प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा मासा घरोघरी, म्हणजे लॅबोलॅबी, झाला.

फायदे तुम्हाला पाठ असतील: भ्रूण पारदर्शक, पिल्लं भरपूर, यकृत चार-पाच दिवसांत तयार. परीक्षेत तेवढंच लिहिलं जातं. पण त्याची रचना आपल्यासारखी नाही, हेही लिहा. सस्तन प्राण्यांत यकृतपेशींच्या रांगा असतात, माशात त्या पित्तवाहिनीभोवती नळीसारख्या मांडलेल्या असतात. शिवाय हाडांच्या माशांच्या पूर्वजात पूर्ण जनुकसंच एकदा दुप्पट झाला होता, त्यामुळे आपल्या एका एचजीएफच्या जागी झेब्राफिशमध्ये दोन आहेत. एक बंद केला तर दुसरा भरपाई करतो का, हा प्रश्न इथे पहिल्या दिवसापासून असतो.

माशाच्या यकृतावर काम झेब्राफिशने सुरू झालं असंही नाही. दूषित पाण्यातल्या माशांच्या यकृतात गाठी का होतात, हे विषशास्त्रज्ञ आधीपासून बघत होते. त्याच परंपरेतून २००० मध्ये ओकिहिरो आणि हिंटन यांनी रेनबो ट्राउटचं यकृत कापून त्याचं भरून येणं तपासलं.

झेब्राफिशमध्ये एक म्यूटंट सापडला, ज्यात यकृताची सुरुवातच होत नव्हती किंवा अगदी चिमुकली होत होती. त्याचं नाव ठेवलं प्रॉमिथिअस. २००६ मध्ये ओबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिघाड डब्ल्यूएनटी-टू-बीबी या संदेशरेणूच्या जनुकात आहे. गंमत अशी, की यातल्या बऱ्याच माशांना उशिरा का होईना यकृत येतं आणि ते जगतातही. नाव अगदी शोभलं. पुढे कळलं की त्याचा भाऊबंद डब्ल्यूएनटी-टू मदतीला असतो. पुन्हा तीच भरपाई.

जोतातला बैल

आता आपल्या टायटलचा गाभा. २००७ मध्ये सॅडलर आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिशच्या यकृताचा सुमारे एक-तृतीयांश भाग काढण्याचा प्रयोग मांडला. २००९ मध्ये कान, युंगहान्स आणि इस्पिसुआ बेलमोंते यांनी वाढघटकांचा प्रश्न थेट विचारला: बीएमपी आणि एफजीएफ हे दोन संदेश पुनर्जननाला लागतात का? भ्रूणात यकृत घडताना हे दोन्ही लागतात हे आधीच माहीत होतं. पण उंदराची अडचण इथेही होतीच. सुरुवातीपासून बंद केले तर यकृतच होणार नाही, मग कापणार काय?

इथे माशाचा खरा उपयोग झाला. त्यांनी असे मासे वापरले ज्यांच्यात एक लुळा रिसेप्टर बनवणारं जनुक घातलेलं आहे, पण ते उष्णतेच्या बटणावर. एरवी २८ अंशांच्या पाण्यात मासा नॉर्मल वाढतो. प्रौढ झाला, यकृत कापलं, आणि मग पाणी काही वेळ तापवलं की लुळा रिसेप्टर तयार होतो. रिसेप्टर जोडीने काम करतात. लुळा रिसेप्टर चांगल्याशी जोडी करतो आणि ती जोडीच फुकट जाते. जोतातला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असला तरी नांगर अडतो, तसं. निष्कर्ष असा, की या दोन्ही संदेशांपैकी कोणताही अडवला तर यकृताची भरपाई नीट होत नाही.

म्हणजे ‘लागतात’ हे सिद्ध झालं. पण काय सिद्ध झालं नाही तेही मोजा. एफजीएफ हे मोठं घराणं आहे, आणि लुळा रिसेप्टर अनेकांना एकदम अडवतो. त्यातला नेमका कोणता, हे कळलं नाही. तापवल्यावर सगळ्या शरीरात रिसेप्टर तयार होतो. संदेश यकृतपेशींना लागतो की शेजारच्या रक्तवाहिन्यांना, हे कळलं नाही. आणि नुसता हा संदेश जास्त दिला तर पुरतो का, हा तर वेगळाच प्रश्न.

इजा बदलली की उत्तर बदलतं

२०१४ मध्ये पिट्सबर्ग आणि चोंगचिंग इथल्या दोन गटांनी सुरीच बाजूला ठेवली. माशाच्या यकृतपेशींत त्यांनी जिवाणूचं एक विकर घातलं. जुलाबावर आपण घेतो ती मेट्रोनिडाझोल पाण्यात मिसळली, की या विकरामुळे तिचं विष बनतं आणि फक्त यकृतपेशी मरतात. जवळजवळ सगळ्या यकृतपेशी गेल्यावर यकृत परत आलं कुठून? पित्तवाहिनीच्या पेशींपासून. त्यांनी आपली ओळख सोडली आणि त्या यकृतपेशी झाल्या. या वाटेवरही बीएमपी लागतो हे नंतर दिसलं, पण काम वेगळं: तिथे पेशींची संख्या वाढवण्याचा प्रश्न, इथे जात बदलण्याचाही.

एक-तृतीयांश कापलेल्या यकृतात पेशी स्वतःच विभागतात. सगळंच गेलं तर दुसऱ्या पेशी पुढे येतात. माणसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. जिवंत दात्याने यकृताचा भाग दिला तर दोघांचं यकृत वाढतं, ती पहिली वाट. वर्षानुवर्षं दारू किंवा हिपॅटायटिसने यकृत निबर झालेल्या माणसात पेशी आधीच थकलेल्या असतात, तिथे ही वाट बंद होत जाते. दुसरी वाट उघडता येईल का, म्हणून या माशाकडे बघायचं.

पुण्यात काय चाललंय

हे सगळं परदेशातच होतं असं वाटू नये. पुण्याची आघारकर संशोधन संस्था जिच्या नावाने ओळखली जाते ते शंकर पुरुषोत्तम आघारकर आपल्या कोकणातले, मालवणचे. पश्चिम घाटातल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधणारे ते हेच. त्या संस्थेत चिन्मय पात्रा यांचा गट झेब्राफिशवर काम करतो. यकृतावर नाही, पण आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळ. सीसीएन-टू-ए या घटकाचं जुनं नाव ‘संयोजी ऊतींचा वाढघटक’. सस्तन प्राण्यांत तो व्रण आणि तंतू वाढवण्यासाठी बदनाम. २०२१ मध्ये या गटाने दाखवलं की झेब्राफिशच्या हृदयाला इजा झाल्यावर तोच पुनर्जननाला मदत करतो. २०२३ मध्ये मणक्यांमधल्या चकतीबाबतही त्यांनी तसंच दाखवलं, आणि तिथे त्याचा संदेश एफजीएफच्या रिसेप्टरमार्फत जातो.

एकच घटक एका प्राण्यात व्रण करतो, दुसऱ्यात भरून आणतो. आता सांगा, त्याची ‘भूमिका’ काय लिहाल?

वहीकडे परत

त्या मुलीने शेवटी टायटलमधला तो शब्द खोडला, आणि खाली चार ओळी लिहिल्या. कोणत्या इजेनंतर? संदेश कोण सोडतं आणि कोण ऐकतं? कोणत्या तासाला किंवा दिवसाला? काढला तर काय होतं, आणि जास्त दिला तर काय होतं?

"एवढ्या चारचं उत्तर तीन वर्षांत होईल?" तिने विचारलं. मी म्हटलं, एकाचं झालं तरी पुष्कळ. हिगिन्स-अँडरसन यांनी फक्त मोजलं होतं, बुचर यांनी फक्त ‘रक्तातून’ एवढं दाखवलं होतं. त्यांनी तेवढंच नीट केलं म्हणून पुढच्यांना उभं राहायला जागा मिळाली. मुलाखतीत समोरचे विचारतील की हे का करायचं, तेव्हा सगळ्या घटकांची यादी म्हणू नका. आधीचा कोणता प्रयोग कुठे येऊन थांबला ते सांगा, आणि तुम्ही नेमकी कोणती एक पायरी चढणार ते सांगा.

तिचं नवं टायटल लांबलचक झालं आहे आणि अजून पक्कं नाही. आता त्यात एक इजा आहे, एक घटक आहे आणि एक वेळ आहे. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.